जुन्या डेस्कटॉपवर किती खर्च करावा?

“भाऊ, याच्यात ग्राफिक कार्ड बसते का?” सीपीयूचा डबा दुकानाच्या टेबलावर ठेवून हा प्रश्न विचारणारा मुलगा वाशीमला, रिसोडला, कारंज्याला, कुठेही भेटतो. सोबत बहुधा वडील असतात आणि त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो : यात आणखी पैसे घालण्यात काही अर्थ आहे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुकानदार मात्र पहिल्याचे उत्तर ‘बसते’ असे देतो आणि दुसरा विचारायचा राहून जातो. २०२५च्या अखेरीस घडलेल्या दोन गोष्टींमुळे तो आता टाळता येणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. त्याच सुमारास जगभर रॅमचे भाव चढू लागले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. म्हणजे जुने यंत्र ठेवणे जोखमीचे झाले आणि नवे घेणे महाग झाले, दोन्ही एकाच हंगामात.

आपल्याकडच्या डब्यात बहुधा काय असते, ते आधी पाहू. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर इंटेलचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, चार किंवा आठ जीबी डीडीआर३ रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर. यांतली काही यंत्रे एमएस-सीआयटीच्या ऐन भराच्या काळात जोडून घेतलेली आहेत. काही पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयांतून निघालेले, साफसूफ करून विकलेले डेल किंवा एचपीचे डबे आहेत. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईने घेतलेलीही बरीच आहेत. अभ्यासासाठी आलेल्या यंत्रावर मुलगा आता गेम खेळू पाहतो, हे वडिलांच्या नाराजीचे एक कारण असते.

या यंत्राच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ‘जीटीए ५’ हा आपल्या मुलांच्या तोंडी सर्वाधिक असलेल्या खेळांपैकी एक. तो २०१५मध्ये पीसीवर आला, तेव्हा कंपनीने शिफारस केलेला इंटेलचा प्रोसेसर होता कोअर आय५-३४७०. हा २०१२चा, तिसऱ्या पिढीचा, नेमका आपल्या एच६१ बोर्डावर बसणारा. सोबत आठ जीबी रॅम आणि दोन जीबीचे जीटीएक्स ६६० कार्ड, एवढीच अपेक्षा होती. म्हणजे असा आय५ आणि आठ जीबी रॅम असलेल्या घरात त्या खेळासाठी उणीव आहे ती फक्त कार्डाची. २०२०च्या ‘व्हॅलोरंट’ची किमान गरज तर याहूनही कमी आहे, इंटेलच्या अंगभूत एचडी ४००० ग्राफिक्सवरही तो सुरू होतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘व्हाइस सिटी’, जुने क्रिकेटचे खेळ यांबद्दल बोलायलाच नको. मुलांना खेळायचे असते ते मित्र खेळतात ते, आणि मित्रांकडेही असेच डबे असतात.

वाशीम जिल्ह्याची स्वतःची काही कारणेही आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०११च्या जनगणनेत सुमारे बारा लाखांचा होता आणि त्यातला पाचवा हिस्साही शहरी नव्हता. २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम ही चार नावे त्यात आली. इथल्या बहुसंख्य घरांत मोठी खरेदी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर ठरते आणि ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी ती ठरतच नाही. अशा घरात डेस्कटॉप ही एकट्या मुलाची वस्तू नसते. त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, सातबारा काढला जातो, एखाद्या घरी लग्नपत्रिका नि फ्लेक्सचे डिझाइनही होते. म्हणून गेमसाठी केलेली दुरुस्ती साऱ्या घराच्या कामी येते. नव्या यंत्राच्या बाजूने बोलणारे हा हिशेब सहसा धरत नाहीत, आणि आमच्या मते तिथेच ते चुकतात.

मात्र मोठ्या शहरांपासूनचे अंतर आणि इथला लहान बाजार उलट बाजूनेही बोलतात. मोजक्या गिऱ्हाइकांच्या गावात दुकानदार पाच प्रकारची कार्डे मांडून ठेवू शकत नाही. तो एक मागवून देतो, अकोल्याहून, नागपुराहून किंवा कुरिअरने. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेल्यापासून पार्सले लवकर येत असतील. पण वॉरंटीत कार्ड परत पाठवायचे झाले तर त्याला किती आठवडे लागतील हे महामार्ग ठरवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चुकीचा भाग घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी जाऊन भांडू शकतो. इथे चूक झाली तर ती बहुतेक वेळा पदरातच राहते. त्यामुळे शहरातल्या जाणकारांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नये.

आता एकेका भागाकडे येऊ. सर्वांत कमी वाद एसएसडीवर व्हावा. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते. एच६१ बोर्डाची साटा जोडणी जुन्या, तीन गिगाबिटच्या वेगाची असल्याने एसएसडीची पूर्ण ताकद तिथे उतरत नाही. तरी वेग जवळपास दुप्पट होतो आणि असंख्य लहान फाइली शोधण्यात जो वेळ जायचा तो तर कितीतरी पटींनी घटतो. संगणक सुरू व्हायला लागणारी मिनिटे सेकंदांवर येतात. खेळातल्या चित्रांची गती मात्र यामुळे वाढत नाही, हे मुलाला आधीच सांगावे. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी त्याची निराशा होते.

रॅमचा प्रश्न थोडा अवघड आहे. चार जीबीवर आजचे बहुतेक खेळ नीट चालत नाहीत, आठ लागतातच, आणि एका आठच्या जागी चार-चारच्या दोन पट्ट्या बसवल्या तर मेमरीच्या दोन्ही वाटा (चॅनल) वापरल्या जाऊन फायदा होतो. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर हा फरक डोळ्यांना दिसतो. एच६१वर दोनच खाचा असतात आणि सोळा जीबीपुढे जाता येत नाही. पण डीडीआर३ पट्टी उद्याच्या कुठल्याही नव्या बोर्डावर चढणार नाही. इथे घातलेला पैसा इथेच संपतो. म्हणून ती जुनी, तपासलेली आणि स्वस्त मिळाली तरच घ्यावी.

मॉनिटर बदलण्याची घाई करू नये, असे आम्ही आग्रहाने म्हणू. १३६६ बाय ७६८चा पडदा म्हणजे सुमारे साडेदहा लाख बिंदू, तर १९२० बाय १०८०चा म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. दुप्पट बिंदू रंगवायचे म्हणजे कार्डावरचे ओझेही जवळपास तेवढेच वाढते. जुना लहान पडदा आपल्या साध्या कार्डाचे आयुष्य लांबवतो. अडचण एकच : यांतल्या अनेक मॉनिटरना फक्त व्हीजीए जोडणी असते आणि एनव्हिडियाच्या १००० मालिकेपासून पुढच्या कार्डांतून तो सिग्नलच येत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा चांगला कन्व्हर्टर कार्डासोबतच मागवावा. हा छोटा तुकडा विसरल्याने आठवडाभर कार्ड खोक्यात पडून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

ज्या भागाकडे कुणाचे लक्ष जात नाही, त्यावर आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे. तो म्हणजे एसएमपीएस. डब्यासोबत फुकट आलेल्या पॉवर सप्लायवर ‘४५० वॅट’ असे लिहिलेले असते. ते लिहिलेले असते एवढेच खरे. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर चालतात ते बारा व्होल्टच्या वाटेवर, आणि स्वस्त डब्यांत त्या वाटेची खरी ताकद लेबलाच्या जवळपासही नसते. डेल-एचपीच्या कार्यालयीन यंत्रांत उलट असते. तिथे २४० ते २९० वॅटचा सप्लाय असतो, लिहिले तेवढे तो प्रामाणिकपणे देतो, पण कार्डासाठीची वेगळी वायर त्यात नसते आणि अनेक मॉडेलांत बोर्डाची पिनही वेगळी असल्याने बाजारातला सप्लाय सरळ लागत नाही. त्यात आपल्याकडची वीज. मे महिन्याच्या वादळात डीपी उडते, लाइट येते-जाते, संध्याकाळी व्होल्टेज पडते, जुन्या वाड्यांत अर्थिंगचा पत्ता नसतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको : स्टार्टरवर चार पैसे वाचवणारा शेवटी मोटर भरून आणायला जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणित सप्लाय आणि एक चालू स्थितीतला यूपीएस, हा खर्च कार्डाच्या आधीचा आहे. आय५-३४७०ची उष्णतेची मर्यादा ७७ वॅट, वेगळी वायर न लागणाऱ्या कार्डाची ७५ वॅट. बाकी सगळे धरूनही यंत्र दोनशे वॅटच्या आसपास राहते. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, तो पुरतो. मोठ्या आकड्यांच्या मागे धावायचे कारण नाही, आकडा खरा हवा.

आणि धूळ. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गावातल्या हवेत भुसकट असते, ते पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत बसते. पुढे एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळीस-बेचाळीस अंशांवर जाते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला’ असा निष्कर्ष काढण्याआधी डबा उघडावा, ब्लोअरने धूळ काढावी, दहा वर्षांत वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. कित्येक यंत्रांना यानंतर वर्ष-दोन वर्षे आणखी काही लागतच नाही.

राहिले ग्राफिक कार्ड. वेगळी वायर न मागणाऱ्या, ७५ वॅटच्या आतल्या कार्डांची एक ओळच आहे : २०१४चे जीटीएक्स ७५० टीआय, २०१६चे १०५० टीआय, २०१९चे १६५०, २०२४चे सहा जीबीचे आरटीएक्स ३०५०. पहिल्या दोन कार्डांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५पासून थांबवले आहे. २०२८पर्यंत फक्त सुरक्षेपुरती अद्यतने येतील. दुकानदार आजही १०५० टीआय उत्साहाने दाखवेल. फक्त ‘जीटीए ५’ आणि ‘व्हॅलोरंट’ खेळायचे असेल आणि भाव अगदीच कमी असेल तर हरकत नाही, एरवी पैसा १६५० किंवा त्यापुढच्या कार्डात घालावा. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांपासून मात्र जुन्या बोर्डावर जपून राहावे. ती चारच पीसीआय मार्गिकांवर चालतात, नव्या बोर्डावर ते खपते, जुन्यावर त्यांची गती घसरते.

जुन्या कार्डांच्या बाजारात आणखी एक धोका आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते चलन खणणे बंद झाले. महिनोन्‌महिने अहोरात्र चाललेली हजारो कार्डे विक्रीला आली. आरएक्स ५८० या नावाखाली ‘२०४८एसपी’ अशी आवृत्ती विकली जाते, ती प्रत्यक्षात कमी ताकदीच्या ५७०च्या जातीची आहे. शिवाय ५८० हे १८५ वॅटचे कार्ड. आपल्या ‘४५० वॅट’ लेबलच्या सप्लायवर ते लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे. आपल्या स्वतःच्या डब्यात बसवून, खेळ लावून, निदान अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय जुन्या कार्डाचे पैसे देऊ नयेत. काही जुन्या बोर्डांवर नव्या कार्डाचे चित्रच येत नाही, हेही त्याच अर्ध्या तासात कळते.

इथवर पारडे जुन्याच्या बाजूने झुकलेले दिसते. आता समोरची भिंत पाहिली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि कुठल्याही कार्डाने ओलांडता येत नाही. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरांत एव्हीएक्स२ नावाची आज्ञावली नाही. ती २०१३च्या चौथ्या पिढीपासून आली. नवे काही खेळ तिच्याशिवाय उघडतच नाहीत. डिसेंबर २०२४मधला ‘इंडियाना जोन्स’ आणि मे २०२५मधला ‘डूम : द डार्क एजेस’ हे तर रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असल्याशिवाय चालत नाहीत, म्हणजे १६५०वाल्यालाही दार बंद. चार गाभ्यांचा (कोअर), चार धाग्यांचा (थ्रेड) जुना आय५ ‘काउंटर-स्ट्राइक २’सारख्या खेळात दम टाकतो आणि कार्ड रिकामे बसून राहते. यावर कुणी जुना आय७-३७७० घेऊन धागे आठ करण्याचा सल्ला देतो. तो स्वस्तात मिळाला तर काही खेळांत फरक पडतो, पण त्यातही एव्हीएक्स२ नाही आणि तोही पुढच्या बोर्डावर जाणार नाही.

भिंतीहूनही जास्त नुकसान हप्त्याहप्त्याने होते. दिवाळीत रॅम, परीक्षेनंतर कार्ड, पावसाळ्यात जळालेला सप्लाय, मग प्रोसेसर. प्रत्येक वेळी वाटते, एवढेच राहिले होते. दोन वर्षांनी बेरीज केली तर त्यात नव्या यंत्राचा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आली असती, आणि हातात अजूनही २०१२चेच यंत्र असते. आधी एवढे घातले म्हणून आता थोडे आणखी, हा विचार शेतीत जसा माणसाला बुडवतो तसाच इथेही. नवे घ्या म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. त्यांचा दुसरा मुद्दाही खरा आहे : निव्वळ खेळायचेच असेल तर भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आलेल्या प्लेस्टेशन ५सारखा कन्सोल दुरुस्तीच्या कटकटीविना वर्षानुवर्षे चालतो. फक्त त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येत नाही आणि त्याचे खेळही महाग पडतात.

एक अपवाद आनंदाने नोंदवावा लागेल. ज्यांनी २०१७-१८मध्ये एएमडीचा एएम४ बोर्ड घेतला, त्यांचे नशीब वेगळे. बी३५० बोर्डावर तेव्हाचा साधा रायझन ३ काढून, बायोस अद्ययावत करून, २०२२चा रायझन ५ ५६०० बसवता येतो. चार गाभ्यांचे सहा होतात, धागे बारा होतात, एव्हीएक्स२ असतेच आणि विंडोज ११च्या यादीतही तो प्रोसेसर आहे. डीडीआर४ रॅम तीच राहते, जी आजच्या भावात मोठीच बचत. अशा घराने नव्या यंत्राचा विचार सध्या बाजूला ठेवावा. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या यंत्रांचेही बरेचसे असेच आहे. तिथे एक कार्ड आणि एक चांगला सप्लाय एवढ्यावर काम भागते.

बाकीच्यांसाठी, म्हणजे एच६१ किंवा त्यानंतरच्या एच८१ बोर्डवाल्या बहुसंख्यांसाठी, आमचे मत असे. जो भाग उद्या काढून नव्या यंत्रात नेता येईल, त्यावर मन मोठे करावे; जो या बोर्डाबरोबरच संपणार, त्यावर हात आखडावा. एसएसडी पुढे जाते. चांगला सप्लाय पुढे जातो. यूपीएस, कीबोर्ड, माउस पुढे जातात. सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० आज जुन्या प्रोसेसरमुळे पूर्ण ताकद दाखवणार नाही, पण दोन वर्षांनी नव्या बोर्डावर गेल्यावर दाखवेल, आणि रे ट्रेसिंगचे दारही त्याला बंद नाही. डीडीआर३ रॅम आणि या बोर्डावरचा प्रोसेसर मात्र पुढे जात नाहीत. तिथे हजाराच्या नोटा मोजू नयेत. या न नेता येणाऱ्या भागांवरचा एकूण खर्च साध्या नव्या यंत्राच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावा, असे आम्ही सुचवू. हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. घरात भांडण होऊ नये म्हणून आधी ठरवलेली ती एक रेघ आहे.

यावर एक आक्षेप येईल : कार्ड आजच घेऊन दोन वर्षे अर्ध्या ताकदीवर चालवण्यापेक्षा तेव्हाच घेतले तर तेवढ्याच पैशात चांगले मिळेल. साधारण काळात हा आक्षेप आम्ही मान्य केला असता. आज मेमरीचा तुटवडा कार्डांच्या किमतीलाही भिडतो, कारण कार्डांवरही मेमरीच असते, आणि तो कधी ओसरेल यावर पैज लावण्याची वाशीमच्या घराची ऐपत नाही. तरीही ज्याला ‘जीटीए ५’पलीकडे काही नको, त्याने जुने, तपासलेले १६५० घेऊन समाधान मानणे हेही शहाणपणाचेच आहे. दोन घरांची उत्तरे वेगळी असू शकतात.

विंडोजचा मुद्दा मात्र घरावर सोडता येणार नाही. ज्या यंत्रावर मुलगा गेम खेळतो त्याच यंत्रावर आई बँकेचे खाते उघडते, बाबा आधारची प्रत अपलोड करतात. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, आपला डबा त्यात बसत नाही. आडवाटेने ती चढवून देणारे आहेत, पण पुढचे अद्यतन कधी अडेल याची हमी ते देत नाहीत, आणि ‘व्हॅलोरंट’ तर विंडोज ११वर टीपीएम नसेल तर उघडतच नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. ती नोंदवून घ्यावीच. त्यानंतर अर्ज, बँक, अभ्यास यांसाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्याच एसएसडीच्या वेगळ्या भागावर ठेवता येते आणि विंडोज फक्त खेळापुरते राहते. लिनक्सवर आता स्टीमचे बरेच खेळ ‘प्रोटॉन’च्या साहाय्याने चालतात, परंतु ‘व्हॅलोरंट’ चालत नाही आणि ‘जीटीए’चा ऑनलाइन भागही सप्टेंबर २०२४पासून बंद झाला आहे. स्टीमने १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७ आणि ८चा आधार काढला होता. विंडोज १०वरही तो दिवस येईल, हे धरूनच पैसे खर्च करावेत. आणि फुकटात उतरवलेले ‘क्रॅक’ खेळ अद्यतने थांबलेल्या, बँकेचे काम होणाऱ्या यंत्रावर टाकणे मुलाने सोडून द्यावे. यात दोन बाजू नाहीत.

एवढा खटाटोप खेळासाठी करावाच का, असे विचारणारे वडील चूक नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन देण्याची भाषा केली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सना पदके होती. यावरून ‘करिअर होईल’ असे सांगून मुलाने कार्ड मागू नये आणि वडिलांनीही त्या आशेवर देऊ नये. संध्याकाळी दोन तास मित्रांबरोबर खेळण्यात मुलाला आनंद आहे, एवढे कारण पुरेसे आहे. शिवाय डबा उघडून स्वतःच्या हाताने रॅम बसवणाऱ्या, बारा व्होल्टची वाट म्हणजे काय ते शोधून काढणाऱ्या मुलाला जे कळते ते शाळेच्या संगणक तासाला कळत नाही. म्हणून दुकानदाराकडून सगळे बसवून घेण्यापेक्षा, त्याच्या देखरेखीखाली मुलालाच पेचकस हातात घेऊ द्यावा.

दोन गोष्टी मात्र ग्राहकाच्या हातातल्या नाहीत. पहिली दुकानदारांच्या : जुना भाग विकतानाही अनुक्रमांक लिहिलेले बिल आणि निदान महिनाभराची लेखी हमी द्यावी. लहान गावात नाव टिकते ते यावरच, आणि ज्या गिऱ्हाइकाला अकोल्याला जाणे परवडत नाही ते अशाच दुकानात परत येते. दुसरी नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. जगात २०२२मध्ये निघालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेलेला भाग पाव हिश्शाहूनही कमी होता. जळालेला एसएमपीएस, फुगलेली यूपीएसची बॅटरी, मेलेला बोर्ड भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो, तारेतले तांबे काढायला जाळला जातो. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तरी हे भाग स्वीकारून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पाठवण्याची व्यवस्था व्हावी, आणि तिची सुरुवात येत्या दिवाळीच्या साफसफाईआधी करावी.